फेंट्याची मूठ

उज्ज्वलाने गव्हाचा डबा उघडून सासऱ्यापुढे ठेवला आणि शेजारी रिकामं सूप ठेवलं.

"आबा, मुठी किती घ्यायच्या?"

हिलाल खाटेवर बसून चहा पीत होता. त्याने डब्यात पाहिलं, सुपात पाहिलं आणि कप खाली ठेवला. प्रश्न साधाच होता. खानदेशातून सुरतेला आलेल्या घरांत दर श्रावणात तो विचारला जातो. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, खानदेशची देवी, घरोघरी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू मापाने घेत नाहीत, मुठीने घेतात. हिलालच्या घरची रीत अशी, की घरात जेवढी माणसं तेवढ्या मुठी, आणि माणशी सव्वा. कुणी कामासाठी लांब गेलं असेल तर त्याचीही मूठ घ्यायची. जगातून गेलं त्याची घ्यायची नाही. आणि ते रोट घरच्यांनीच खायचे. बाहेरच्याला त्यातला घास देत नाहीत.

मुठी मोजायचं काम हिलालच्या बायकोचं, मालतीबाईचं होतं. दीड वर्षापूर्वी, माघात, ती वारली. मागच्या श्रावणात तिला वर्ष झालं नव्हतं म्हणून कानबाई बसवली नाही. या वर्षी बसवायची होती, आणि मोजायला ती नव्हती.

"गजेंद्रची एक," हिलाल म्हणाला. गजेंद्र त्याचा मुलगा, सुरतेजवळच्या सचिन गावात एका मिलमध्ये होता. "तुझी एक, चंचलची एक, माझी एक. चार."

"आणि फेंट्याची?"

उंबऱ्यावर बसलेल्या चंचलने विचारलं होतं. ती गजेंद्रची मुलगी, सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली.

भिंतीला टेकून वाती वळत बसलेल्या प्रमिलाबाईने मान वर केली. ती हिलालची थोरली भावजय, मागच्याच गल्लीत राहायची. कानबाईच्या दिवसांत तिचा मुक्काम इथेच.

"व्हयनं सुरू," ती म्हणाली. "कुत्रानी मूठ. आते मांजरनी घ्या, उंदीरनी घ्या. गल्लीत डुकरं बी शेतस, त्यासले कसाले सोडतस?"

"मोठीमायने घेतली होती," चंचल म्हणाली.

"घेतली होती. मी समोर बसून पाहिली आणि माझं कपाळ दुखलं."

खरं होतं. चंचलच्या मोठीमायने, म्हणजे मालतीबाईने, फेंट्याची मूठ घेतली होती, आणि तीही तो नाहीसा झाल्यावर. प्रमिलाबाईने तेव्हा इतकं डोकं खाल्लं, की शेवटी दोघींमध्ये तडजोड झाली. माणसाला सव्वा मूठ, फेंट्याला नुसती एक, वरची पाव नाही.

"आबा, सांगा ना," चंचल म्हणाली. "घेऊ या ना त्याची?"

"बेटा, मूठ जिवंत असलेल्याचीच घेतात," हिलाल म्हणाला. "कानबाईपुढे खोटी मूठ ठेवता येत नाही. तो कुठे आहे, आहे की नाही, कुणाला माहीत?"

"मोठीमायला माहीत होतं."

 हिलालने डब्याचं झाकण लावलं.

"शुक्रवारपर्यंत गहू गिरणीत गेले म्हणजे झालं ना? तोवर राहू दे."

प्रमिलाबाईने उज्ज्वलाकडे पाहिलं. उज्ज्वलाने डबा उचलून फळीवर ठेवला.

फेंट्या कोण ते सांगायला हवं. हिलाल भेस्तानमध्ये साड्या छापण्याच्या कारखान्यात टेबलावर काम करायचा. लांबलचक टेबल, त्यावर ताणून बसवलेलं कापड, आणि एका रंगाला एक स्क्रीन, म्हणजे जाळीची चौकट. आधी लाल मारत जायचं, मग पिवळा, मग काळा. टेबलाच्या कडेला लोखंडी खुंट्या असतात. स्क्रीन खुंटीला नीट टेकली नाही की रंग सरकतो आणि फुलाची पाकळी फुलाबाहेर जाऊन बसते. असा बिघडलेला तुकडा कापून काढतात, त्याला फेंट म्हणतात. गावाकडून पिशवीत घालून, पॅसेंजर गाडीने आणलेलं ते पिल्लू अगदी तसं होतं. अंग पांढरं, एक कान तपकिरी, आणि दुसऱ्या कानाचा तपकिरी रंग कानावर नव्हताच, दोन बोटं खाली गालावर उतरलेला. हिलाल पाहून म्हणाला, "याची तर स्क्रीन सरकली." तेव्हापासून तो फेंट्या. नाव हिलालने ठेवलं, पण कुत्रा मालतीबाईचा झाला. ती नळावर गेली की हा मागे, ती दळणाला गेली की हा गिरणीच्या पायरीवर.

मग चौऱ्याण्णव साली भाद्रपदात शहरात प्लेगची हाकाटी झाली. दोन दिवसांत गल्ल्या रिकाम्या झाल्या. स्टेशनात पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून गावाकडच्या लोकांनी मिळून एक ट्रक ठरवला. पन्नासेक माणसं वर चढली. मालतीबाई तीन वर्षांच्या चंचलला मांडीवर घेऊन आधीच आत बसली होती. फेंट्या तीनदा ट्रकमध्ये चढला आणि लोकांनी तीनदा खाली ढकलला. रोगाच्या दिवसांत जनावर नको, एकजण ओरडला, आणि सगळ्यांनी त्याची री ओढली. हिलाल खाली उतरला, कुत्र्याला घेऊन घरामागे गेला आणि एकटाच परत आला.

"काय केलं?" मालतीबाईने विचारलं.

"सोडून दिला. गल्लीत कुणीतरी घालेल खायला."

दिवाळीनंतर परत आले तेव्हा फेंट्या नव्हता. मालतीबाईने उधन्याच्या स्टेशनावर विचारलं, गावी पत्र पाठवायला लावलं. कुठून काही कळलं नाही. चंचल त्याच्यासाठी रडायची. तिला गप्प करायला मालतीबाईने एक पुस्तक शिवायला घेतलं. गोधडी शिवतात तसं. तिला लिहिता वाचता येत नव्हतं, पण सुई तिच्या हातात बोलायची. पानं तिच्या जुन्या पातळांची, आणि चित्रं हिलालने कारखान्यातून आणलेल्या फेंटांच्या तुकड्यांची. रोज दुपारी एक एक टाका घालत ती चंचलला सांगायची: फेंट्या आपल्याला शोधत रुळारुळाने गावाला निघाला आहे.

हिलालने ते पुस्तक कधी नीट पाहिलं नव्हतं. ती शिवत बसली की तो काहीतरी काम काढून बाहेर जायचा. त्याचं कारण मालतीबाईला ठाऊक नाही असं त्याला वाटत होतं. त्याने फेंट्याला सोडलं नव्हतं. ट्रकमागे धावत येईल आणि मोठ्या रस्त्यावर गाडीखाली सापडेल म्हणून घरामागच्या विजेच्या खांबाला लाल नायलॉनच्या दोराने बांधलं होतं. पक्की गाठ मारली होती. गल्ली रिकामी होणार हे माहीत असताना. गावी पोचल्यावर रोज सांगू सांगू म्हणाला, आणि बायको मरेपर्यंत त्याने सांगितलं नाही.

त्याच दिवशी, रविवारी दुपारी, चंचलने पेटीतून पुस्तक काढलं आणि खाटेवर त्याच्या शेजारी येऊन बसली.

"आबा, तुम्ही वाचा."

"मला कुठे येतं?"

"याला येत नसलं तरी चालतं," ती म्हणाली आणि पहिलं पान उघडलं.

हिलालने पाहिलं आणि त्याचा हात पानावरच राहिला. निळ्या कापडावर काळ्या पट्टीचा खांब होता. खांबाशी पांढरा कुत्रा, एक कान तपकिरी, गालावर तपकिरी ठिपका. आणि कुत्र्याच्या गळ्यापासून खांबापर्यंत लाल धाग्याची जाड वीण घातलेली होती. शेवटी गाठही शिवली होती. दुहेरी गाठ, तो मारायचा तशी.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

"दोर."

"कुणी बांधला म्हणायची मोठीमाय?"

"काही नाही म्हणायची. म्हणायची, इथे फेंट्या उभा होता." चंचलने पान उलटलं. "आबा, हाऊ हात कोना शे?"

दुसऱ्या पानावर लाल दोर मधोमध तुटलेला होता. बाजूला एक हात होता, मनगटापासून पुढचा, आणि त्यावर हिरव्या कापडाच्या पाच बांगड्या. हातात विळी.

पुढच्या पानांवर फेंट्या आणि आगगाडीचे रूळ. उधना, बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा. स्टेशनांची नावं नव्हती, पण चंचलला सगळी पाठ होती. बारडोलीला ऊस, नवापूरला डोंगर. शेवटचं पान कोरं होतं. कडेची शिवण झाली होती आणि कोपऱ्यात पांढरा दोरा ओवलेली सुई तशीच टोचलेली होती.

हिलालने ती सुई काढली नाही. पुस्तक मिटलं, पायात चपला घातल्या आणि शेजारच्या घरापाशी जाऊन उभा राहिला.

सुभद्राबाई दारात बसून मेथी निवडत होती. ती मराठवाड्याची, जालन्याकडची. प्लेगच्या वेळी तिची सासू अंथरुणाला खिळलेली होती, म्हणून सगळ्या गल्लीत तेवढं एकच घर मागे राहिलं होतं. तिच्या हातात पाच हिरव्या बांगड्या होत्या. हिलालने त्या बारा वर्षं पाहिल्या होत्या.

"सुभद्राबाई, एक विचारायचं होतं."

"इचारा की, हिलालभाऊ. उभं राहून कशाला?"

तो बसला नाही. "फेंट्याचा दोर तुम्ही कापला?"

तिने मेथीची काडी खाली ठेवली. मग ती म्हणाली, "तीन वर्सं लागली व्हय तुम्हाला इचारायला? म्या कापला. तुमी गेलात त्याच दिवशी. लेकराच्या वर रडत व्हतं बगा ते. गाठ काही सुटंना, गाठ तुमचीच. मग आणली विळी."

"मालतीला सांगितलं होतं तुम्ही?"

"दिवाळी झाल्यावर आली तवाच. म्या म्हणलं, बाई, नवऱ्याला बोल दोन शब्द. ती म्हणली, नको. त्यांनी मला सांगितलं न्हाई म्हणजे त्यांनाच ते जड झालंय. आपण आणखी कशाला वझं टाकायचं?"

  सुभद्राबाईने आतून पाणी आणून दिलं आणि हिलाल पिऊन होईपर्यंत ती पुन्हा मेथी निवडत बसली.

"कुठल्या बाजूला गेला तो?" त्याने विचारलं.

"ट्रक गेला त्याच बाजूला की. मोठ्या रस्त्याला. गळ्यात दोराचं टोक तसंच. मालती म्हणायची, पुढं ट्रक दिसला नसंल तर रूळ धरला असंल त्यानं. लहानपणी आगगाडीनं आला व्हता ना."

त्या रात्री हिलाल जेवला आणि नेहमीसारखा झोपला. दुसऱ्या दिवशी कारखान्यात टेबलावर उभा असताना मात्र डोक्यात तेच चालू होतं. पिवळ्याची स्क्रीन मारताना समोरच्या बाजूचा कारागीर म्हणाला, "हिलालभाई, पुढे बघा, पाकळी सरकली." हिलालने पुढे पाहिलं नाही. पुढे बघून काही कळत नाही, हे तो तीस वर्षं नवीन पोरांना सांगत आला होता. रंग जिथे बिघडलेला दिसतो तिथे चूक नसते. मागे जायचं, पहिल्या खुंटीला. तो टेबलाच्या सुरुवातीला गेला. पहिली खुंटीच ढिली झाली होती.

ती पान्याने आवळता आवळता त्याचा हात थांबला.

मालती पुढे बघत गेली. कुत्र्याला शेवटी कुठे जायचं असेल, तर गावाला. म्हणून तिने गावापर्यंतची स्टेशनं शिवली. पण कुत्रं गावाच्या मागे गेलं नव्हतं, मालतीच्या मागे गेलं होतं. ट्रकमधून मालतीचा पाय जमिनीला पहिल्यांदा कुठे लागला? कामरेजला. ट्रकवाल्याला तिथून त्याच्या मेहुण्याचं बिऱ्हाड घ्यायचं होतं. ते तयार नव्हतं म्हणून दुपारभर ट्रक हायवेला थांबला. चहाच्या टपरीजवळ एक कडुनिंब होता. मालती त्याच्याखाली चंचलला घेऊन, पदर पसरून बसली होती, ऊन कलेपर्यंत.

"काय झालं, हिलालभाई?" समोरचा म्हणाला.

"काही नाही. खुंटी सापडली."

बुधवारी हिलालने कारखान्यातून सुट्टी घेतली. त्याने चंचलला सोबत घेतलं. तीच म्हणाली म्हणून पुस्तकही पिशवीत टाकलं.

"आबा, दोर घेतला का?" निघताना उज्ज्वलाने विचारलं. "सापडलाच तर आणणार कसा?"

"दोर नको," हिलाल म्हणाला.

प्रमिलाबाई पाटावरून म्हणाली, "तीन वरीसनं कुत्रं शोधाले निघनात. भाऊजी, येताना मनी हरवेल छत्रीबी लई या."

कामरेजला उतरले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. हायवे रुंद झाला होता, दुकानं वाढली होती. पण कडुनिंब होता. टपरीही होती, आता तिला पत्र्याचं छप्पर आलं होतं. हिलालने लांबूनच झाडाखाली पाहिलं. तिथे दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि एक सायकल होती. कुत्रा नव्हता.

चंचलने त्याचं बोट घट्ट धरलं. तिनेही पाहिलं होतं.

टपरीवाला चाळिशीचा, गळ्यात टॉवेल टाकलेला. हिलालने चहा सांगितला, आणि त्याच्या बोलण्यावरून त्याने लगेच ओळखलं.

"तुमनं गाव कोनतं, दादा?"

"शिंदखेड्याजवळ."

"मी अमळनेरकडला. उखा म्हणतस माले. बठा ना."

हिलाल बसला.  विचारलं आणि टपरीवाला हो म्हणाला तर ठीक, पण नाही म्हणाला तर या पोरीला इथून परत कसं न्यायचं? शेवटी चंचलनेच विचारलं.

"काका, तुम्ही एक कुत्रा पाहिला का? पांढरा. एक कान तपकिरी आणि दुसरा कान खाली सांडलेला."

उखाने गाळणी हातात धरून तिच्याकडे पाहिलं.

"मुनीमले इचारी राहिनी का तू?"

"फेंट्याला."

"आठे त्याले मुनीम म्हणतस. दिवसभर एकच जागी बसतो ना, दुकानातल्या मुनीमासारखा." उखाने हिलालकडे वळून पाहिलं. "प्लेगच्या साली आला, दादा. नवरात्रात. पायांतून रक्त, गळ्यात लाल दोराचा तुकडा. या झाडाखाली येऊन जमीन हुंगली आणि बसला. उठवला तरी उठेना. पहिले सहा महिने प्रत्येक ट्रकमागे धावायचा. मी म्हणायचो, बाबा, हा रस्ता मुंबईपासून आहे, किती ट्रकांमागे धावशील? मग सोडलं त्याने धावणं. पण जागा सोडली नाही."

"मग आता कुठे आहे?" हिलालने विचारलं.

"जिवत शे. बायको दळणाला गेली, तिच्या मागे गेला. येईल."

दळणाला. हिलाल कप खाली ठेवून रस्त्याकडे पाहू लागला.

थोड्या वेळाने रस्त्यापलीकडून एक बाई डोक्यावर डबा घेऊन आली आणि तिच्यामागे फेंट्या. अंगाने भरला होता, तोंडाशी पांढरा पडला होता, मागचा एक पाय जपून टाकत होता. गालावरचा ठिपका तिथेच होता. चंचल उठली, पण हिलालने तिला धरून ठेवलं. कुत्रा झाडाखाली आला, जागेवर दोन वळसे घेतले आणि खाली बसता बसता थांबला. नाक वर केलं. हिलालकडे पाहिलं.

हिलालने हात पुढे केला नाही. या हाताने गाठ मारली होती, आणि कुत्र्यांना हात लक्षात राहतात असं त्याला वाटत होतं. फेंट्या हळूहळू जवळ आला. हिलालचे गुडघे हुंगले, हात हुंगला, तिथे एक क्षण थांबला आणि शेपटी न हलवता पुढे गेला. चंचलचा फ्रॉक हुंगला. मग पिशवीपाशी आला आणि तिच्यात तोंड घातलं.

पिशवीत काय आहे ते हिलालला आठवायला वेळ लागला. त्याने पुस्तक काढून जमिनीवर ठेवलं. फेंट्याला त्यातला खांब कळला नाही, रूळ कळले नाहीत, स्वतःचं चित्रही कळलं नाही. पण पातळं कळली. तो पुस्तकावर नाक घासत राहिला, या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि घशातून एक बारीक आवाज काढायला लागला. मग पुढचे दोन पाय पुस्तकावर ठेवून, हनुवटी टेकवून बसला.

उखाच्या बायकोने डबा उतरवला आणि पदराने डोळे पुसले. उखाने चुलीतलं लाकूड उगाच पुढे सारलं.

"तुमचाच आहे," तो म्हणाला. "न्या. पण अधूनमधून घेऊन या. गिऱ्हाइकं मला विचारतील, मुनीमला कुणी कामावरून काढलं?"

"तो येतो म्हणाला तर नेतो," हिलाल म्हणाला. "बांधून नेणार नाही."

चंचलने पुस्तक उचलून छातीशी धरलं आणि रस्त्याकडे चालायला लागली. फेंट्या उठला. कडुनिंबाकडे एकदा वळून पाहिलं, आणि तिच्या मागे निघाला. हिलाल सगळ्यांत शेवटी.

सुरतेकडे जाणारा टेम्पो थांबला. चंचल आणि हिलाल चढले. मागोमाग फेंट्याने पुढचे पाय वर टाकले तसा चालकाने आरशातून पाहिलं.

"काका, कूतरा नहीं चलेगा. नीचे उतारो उसको."

आत दाटीवाटीने बसलेल्या बायकांनी साड्या आवरून घेतल्या. एकजण म्हणाला, "हटाओ, हटाओ." फेंट्या एक पाऊल मागे सरला. त्याला सवय होती.

हिलालने त्या माणसांकडे पाहिलं. वाईट माणसं नव्हती. त्या वेळी ट्रकमधलीही वाईट नव्हती.

"चंचल, उतर," तो म्हणाला.

"का?"

"तो खाली आहे ना? मग आपणही खाली."

दोघं उतरले. टेम्पो निघून गेला. फेंट्या त्याच्यामागे चार पावलं धावला, जुनी सवय म्हणून, आणि थबकला. ज्यांच्यामागे धावायचं ती माणसं रस्त्यावरच उभी होती. तो वळून आला आणि या वेळी हिलालच्या पायापाशी बसला.

दुसरी जीपही थांबून निघून गेली. तिसरा वाळूचा रिकामा ट्रक होता, त्याचा सरदारजी चालक म्हणाला, "चढ जाओ बाबा, शेर को भी चढ़ाओ." फेंट्या हौद्यात चढला आणि चंचलच्या मांडीवर डोकं ठेवून, भेस्तान येईपर्यंत, मागे पळणाऱ्या रस्त्याकडे पाहत राहिला.

गल्लीत पहिल्यांदा त्याला सुभद्राबाईने पाहिलं. ती आत जाऊन भाकरी घेऊन आली. प्रमिलाबाई दारात आली, कुत्र्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "आनी मनी छत्री?"

संध्याकाळी चंचल पुस्तक घेऊन बसली. "आबा, हे रूळ चुकले. तो तर गावाला गेलाच नाही. काढून टाकायची का ही पानं?"

हिलालने एक एक पान उलटलं. ऊस, डोंगर, नंदुरबारची चिमणीएवढी आगगाडी. बारीक, सारखे टाके.

"राहू दे," तो म्हणाला. "तो नाही गेला, पण तुझी मोठीमाय त्याला शोधत तिथपर्यंत गेली होती."

मग त्याने कोऱ्या पानातली सुई काढली. त्याला टाका घालता येत नव्हता, पण तुकडा जागेवर कसा धरायचा ते तीस वर्षांचं काम होतं. त्याने कडुनिंबाचा हिरवा तुकडा दोन बोटांनी दाबून धरला आणि चंचलने टाका घातला, वाकडा, मोठा. झाडाखाली कुत्रा आला. कुत्र्याशेजारी जागा उरली तिथे चंचलने मोठीमायच्या निळ्या पातळाचा तुकडा ठेवला, बसलेल्या बाईसारखा दिसेल असा. तपकिरी ठिपका लावताना तिचा हात हलला आणि ठिपका मानेवर गेला.

"सरकला," ती म्हणाली. "उसवू?"

"नको. त्याला चालेल."

शुक्रवारी सकाळी उज्ज्वलाने पुन्हा डबा आणि सूप मांडलं. फेंट्या उंबऱ्याबाहेर आडवा पडला होता. आत यायला त्याला कुणी मना केलं नव्हतं, त्यानेच ठरवलं होतं. हिलाल पाटावर बसला. मालतीबाईची मूठ लहान होती, त्याची मोठी. रोट या वर्षी जास्त होणार होते. गजेंद्रची सव्वा, उज्ज्वलाची सव्वा, चंचलची सव्वा, स्वतःची सव्वा. मग त्याने पाचव्यांदा डब्यात हात घातला आणि मूठ भरून सुपात सोडली.

प्रमिलाबाई वाती बाजूला ठेवून पाहत होती. हिलाल हात झटकून उठायला लागला.

"भाऊजी, बठा," ती म्हणाली.

"काय झालं?"

तिने उंबऱ्याकडे पाहिलं. फेंट्याने एक डोळा उघडला आणि मिटला.

"तीन वरीस एका जागी बसला तो. मी तर माझ्या नवऱ्यासाठी तीन दिवस एका जागी बसले नसते." तिने डबा हिलालकडे सरकवला. "पाव कसाले ठेवतस? सव्वा घ्या."